फुटणाऱ्याला एवढे शब्द, मग मतदाराला एकही का नाही?

बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो, लांबलंय पण वाचा.

२०१९ पासून आपल्या मराठीत राजकारणाचे किती शब्द आले बघा. पहाटेचा शपथविधी, मविआ (महाविकास आघाडी), खोके, मिंधे (शिंदे गटाला विरोधकांनी ठेवलेलं नाव), उबाठा (ठाकरे गटाला ठेवलेलं), ट्रिपल इंजिन (तीन पक्षांचं सरकार), इनकमिंग (दुसऱ्या पक्षातून येणारे), वॉशिंग मशीन (पक्ष बदलला की आरोप धुतले जातात असा टोमणा), मेगाभरती. यातले काही नेत्यांनी काढले, काही पेपरवाल्यांनी, काही कुठून आले ते कुणालाच सांगता येणार नाही. पण सातवीतल्या पोराला पण ते कळतात आणि पारावरच्या म्हाताऱ्याला पण. राजकारणात खरंच काहीतरी बदललं की ते अभ्यासकांच्या आधी लोकांच्या तोंडात येतं, कारण जुन्या शब्दात ते मावत नाही आणि माणसाला बोलायचं तर असतंच.

आता ही यादी परत एकदा बघा. सगळे शब्द उडी मारणाऱ्याचे आहेत. त्याची उडी, त्याची किंमत, त्याचा गट, त्याची वेळ. ज्यानं उन्हात रांगेत उभं राहून मत दिलं आणि ते मत कुठल्या कुठं गेलं, त्याच्यासाठी यात एकही शब्द नाही. मला हे फार लागतं.

सुरुवात जुनी आहे. १९६७, हरियाणा. गया लाल नावाचे आमदार, अपक्ष निवडून आले, काँग्रेसमध्ये गेले, मग पंधरवड्यात तीनदा इकडून तिकडे. तिथले नेते राव बिरेंद्र सिंहांनी त्यांना पत्रकारांसमोर उभं करून सांगितलं की गया राम आता आया राम झालाय. झालं, शब्द देशभर पसरला. आपल्याकडे तो आयाराम-गयाराम म्हणून इतका मुरला की अर्ध्या लोकांना माहीत पण नसेल की या नावामागं खरा माणूस होता. हा शब्द एकट्या माणसाचा आहे हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

त्याच वर्षी डिसेंबरात लोकसभेनं पक्षांतरावर समिती नेमायचं ठरवलं आणि तिचे अध्यक्ष कोण तर आपले यशवंतराव चव्हाण, तेव्हा ते देशाचे गृहमंत्री होते. समितीनं १९६९ ला अहवाल दिला, त्यात एक सूचना होती की फुटून आलेल्याला वर्षभर किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करू नका. किती साधी आणि किती नेमकी सूचना. फुटण्यामागचं आमिषच काढून घ्यायचं. आणि याच यशवंतरावांच्या नावावर आपल्याकडे ‘बेरजेचं राजकारण’ हा शब्द आहे, म्हणजे शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) मधली आणि इतर पक्षांतली चांगली माणसं काँग्रेसमध्ये आणायची, सगळ्यांना सामावून घ्यायचं. मी यशवंतरावांना मानणाऱ्या घरातला आहे, तरी हे म्हणतो की क्रिया तीच होती, फक्त घेणाऱ्याच्या बाजूनं बघितलं की ती बेरीज आणि देणाऱ्याच्या बाजूनं बघितलं की फूट. पुढं १९७८ च्या जुलैत वसंतदादांचं सरकार पडलं आणि शरद पवार त्यातून बाहेर पडून ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले, तेव्हाही दोन शब्द जन्मले. एका बाजूनं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल. दुसऱ्या बाजूनं खंजीर, म्हणजे पाठीत खुपसलेला. पुलोद सरकार १९८० ला बरखास्त झालं आणि शब्द पुस्तकात गेला, खंजीर मात्र अजून दर निवडणुकीला बाहेर निघतो.

मग १९८५ ला राजीव गांधींच्या काळात पक्षांतरबंदी कायदा आला, ५२ वी घटनादुरुस्ती, दहावं परिशिष्ट. आता कुणी म्हणेल कायद्याचा आणि शब्दांचा काय संबंध, तर आहे आणि मोठा आहे. कायद्यानं सांगितलं एकटा गेलास तर आमदारकी जाईल, पण एक तृतीयांश मिळून बाहेर पडलात तर ती फूट, चालेल. २००३ ला ९१ व्या दुरुस्तीनं ती एक तृतीयांशची सवलत काढली, दोन तृतीयांशनी विलीनीकरण केलं तर माफ एवढंच ठेवलं. म्हणजे किरकोळ पक्षांतर बंद झालं आणि घाऊक सुरू राहिलं. आणि भाषा लगेच बदलली! एकटा ‘राम’ मागं पडला आणि ‘गट’ आला. २०२२ च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेचे आमदार घेऊन फुटले तेव्हा आमच्या इथं चहाच्या टपरीवर माणसं बोटावर हिशोब करत होती, शिवसेनेचे ५५, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे ३७, झाले का ३७, झाले का. ज्यांनी शाळेनंतर अपूर्णांक कधी केला नव्हता ते करत होते.

मधे २०१९ ची ती पहाट. २३ नोव्हेंबरला ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि मग राजभवनावर फडणवीस आणि अजित पवारांची शपथ झाली, शपथेच्या वेळी सकाळचे आठ वाजत आले होते, उजाडलं होतं. पण लोकांनी पहाट म्हटलं आणि ते पहाटच राहिलं. मला वाटतं लोकांनी घड्याळ बघून तो शब्द निवडलेलाच नाही. आपण झोपेत असताना आपल्याबद्दल काहीतरी ठरलं, हे त्यांना सांगायचं होतं. सरकार चार दिवस पण टिकलं नाही, शब्द मात्र आज पण तसाच आहे.

त्याच वर्षीचा मेगाभरती हा शब्द मला जास्त टोचतो. तो मुळात आमदारांचा नव्हताच. ७२ हजार सरकारी पदांच्या भरतीला मेगाभरती म्हणत होते, पोरं पुण्यात खोल्या घेऊन, लायब्रऱ्यांत बसून तिची वाट बघत होती. ती भरती रखडली आणि २०१९ च्या विधानसभेआधी नेते दुसऱ्या पक्षांतून भाजपमध्ये जायला लागले तेव्हा पेपरांनी त्याला मेगाभरती म्हटलं. पोरांच्या आशेचा शब्द होता तो, नेत्यांच्या प्रवेशसोहळ्याला वापरला गेला.

मग खोके. मुंबईत बिल्डर आणि भाई लोकांच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे आधीपासून होतं. शिंदेंसोबत फुटलेल्या सांगोल्याच्या आमदारांचं गुवाहाटीवरनं, जिथं ते सगळे मुक्कामाला होते, ‘काय झाडी, काय डोंगार’ व्हायरल झालं, त्यातलं ‘ओक्के’ उचलून विरोधकांनी ऑगस्ट २०२२ च्या अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा दिली, पन्नास खोके एकदम ओक्के, म्हणजे फुटायला पन्नास कोटी घेतले असा आरोप. तो आरोप सिद्ध झालेला नाही आणि त्या आमदारांनी तो कायम नाकारलाय, हे पण लिहिलं पाहिजे. पण शब्दाचा प्रवास बघा. १९६७ ला माणसाचं नाव होतं, मधे गट झाला, २०२२ ला वस्तू झाली. पोळ्याला बैलांच्या अंगावर लिहिलं गेलं, लहान पोरं खेळताना ओरडायला लागली. आणि इथंच मला भीती वाटते. सगळेच हसत हसत एखादा शब्द म्हणायला लागले की त्यातली चीड निघून जाते. खोके पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोटात खड्डा पडला होता, सहा महिन्यांनी तो लग्नाच्या वरातीत ऐकला. शब्द सापडला म्हणजे आपण काहीतरी केलं असं वाटून लोक घरी गेले, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

निवडणूक आयोगानं पण शब्दांत भर घातलीच. आधी शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण गोठवला, मग ठाकरे गटाला ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ असं कंसातलं लांबलचक नाव दिलं, त्याचं विरोधकांनी उबाठा केलं. राष्ट्रवादीत फूट पडल्यावर शरद पवारांच्या बाजूला नवीन नाव आणि तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह मिळालं. आणि आमच्या साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला काय झालं? एका अपक्षाला ट्रम्पेट चिन्ह होतं, मराठी यादीत त्याचंही नाव तुतारीच, लोक त्याला पिपाणी म्हणतात. पिपाणीला ३७ हजारांवर मतं पडली आणि तुतारीवाल्या माणसाचा उमेदवार ३२ हजारांनी पडला. सगळी मतं चुकून पडली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण एका नावानं केवढं काय होतं ते बघा. पक्ष फुटला वर, गोंधळ कुणाच्या वाट्याला आला तर मशीनसमोर उभ्या असलेल्या म्हातारीच्या.

आता मतदाराचे शब्द. जुना एक आहे, मतदारराजा, तो निवडणुकीच्या महिन्यापुरता. नवा आहे लाभार्थी. २०१७ ला सरकारी जाहिरातीच होत्या, मी लाभार्थी, हे माझं सरकार. आणि २०२४ ला आली लाडकी बहीण, महिन्याला १५०० रुपये. माझ्या मावशीला मिळतात, तिच्या गोळ्या-औषधं त्यातनं होतात, मला त्या पैशाबद्दल एक शब्द वाईट बोलायचा नाही. बायकांच्या हातात पैसा जाणं चांगलंच आहे. माझं म्हणणं नावाबद्दल आहे. लाभार्थी काय आणि लाडकी काय, दोन्ही नावं देणाऱ्यानं ठेवलेली, आणि दोन्हीत आपण घेणारे. नागरिक हा शब्द कधी मागं पडला कळलं पण नाही. लाडक्या माणसानं जाब विचारायचा नसतो ना.

पण महाराष्ट्रात लोकांनी स्वतःला नाव दिल्याची उदाहरणं आहेत आणि ती मोठी आहेत. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली तेव्हा ती माणसं नुसती उठवलेली माणसं होती, कुणी कुठं गेली, कुणी कुठं. मग धरणग्रस्त हा शब्द चळवळीत आला. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा यांच्यासारख्यांनी परिषदा घेतल्या, ‘आधी पुनर्वसन मग धरण’ ही घोषणा आली, १९७६ ला राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला, प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळायला लागला, नोकरभरतीत जागा आल्या. अंमलबजावणीबद्दल रडण्यासारखं खूप आहे, आमच्या जिल्ह्यात अजून चालू आहे ते. पण ‘ग्रस्त’ लागल्यावर माणूस दयेचा विषय राहिला नाही, त्याचा हक्क तयार झाला. माझं नुकसान झालंय आणि ते कुणीतरी केलंय, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं.

म्हणून मी गेले काही महिने बोलताना ‘फूटग्रस्त मतदार’ म्हणतोय. पहिल्यांदा लोक हसतात, मग विचारतात म्हणजे काय. म्हणजे तू ज्या चिन्हाला मत दिलंस त्याचा आमदार तुला न विचारता दुसरीकडं जाऊन बसला, तर तू फूटग्रस्त. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, फूटग्रस्ताला काय मिळणार? माझं उत्तर, पोटनिवडणूक. ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं, विचार बदलू शकतात, पण आधी राजीनामा आणि मग परत आमच्या दारात.

हे अशक्य नाहीये, साताऱ्यानं केलंय. उदयनराजे २०१९ ला राष्ट्रवादीकडून खासदार झाले, काही महिन्यांत भाजपमध्ये गेले, पण खासदारकीचा राजीनामा देऊन गेले. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली, शरद पवारांची ती पावसातली सभा झाली, आणि श्रीनिवास पाटील निवडून आले. पुढं २०२४ ला त्याच मतदारांनी त्याच उदयनराजेंना भाजपच्या चिन्हावर निवडून दिलं. मला दोन्ही निकाल मान्य आहेत, कारण दोन्ही वेळा आम्हाला विचारलं गेलं.

काही जण म्हणतील २०२४ च्या विधानसभेत लोकांनी सगळ्याचा निकाल लावलाच की, शिंदेंचे ५७ आले आणि ठाकरेंचे २०. बरोबर आहे, आले. पण जून २०२२ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळपास अडीच वर्षं जे सरकार चाललं, त्याबद्दल आम्हाला कुणी विचारलं होतं? आणि आधी त्याच २०२४ च्या लोकसभेला ४८ पैकी ३० जागा मविआला दिल्या होत्या त्याच लोकांनी. मतदार काय म्हणेल ते आधी गृहीत धरून त्याला न विचारणं आणि नंतर तो तसंच म्हणाला म्हणून सगळं ठीक होतं म्हणणं, हे मला पटत नाही.

फूटग्रस्त हा शब्द अवघड वाटतो, जिभेवर बसत नाही, हे दोघा-तिघांनी सांगितलं आणि त्यात तथ्य आहे. खोके तोंडात पटकन बसतो. म्हणून तुम्हालाच विचारतो, विशेषतः खान्देश, मराठवाडा, वऱ्हाड आणि कोकणातल्या लोकांना. तुमच्याकडं आपलं मत असं परस्पर गेलं की लोक काय म्हणतात? कुणाच्या आजीच्या, कुणाच्या ड्रायव्हरच्या, कुणाच्या वर्गातल्या पोरांच्या तोंडी काही असेल तर खाली लिहा. कुठल्या पक्षाचं नाव घेऊन भांडण नको, फक्त शब्द द्या.