मथळ्याचा फॉन्ट मथळ्यातच ठेवा!

पुन्हा तेच! जुन्या वळणाचा देखणा सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा असलेला) फॉन्ट, आणि त्यात नऊ पॉइंटात कोंबलेला अख्खा परिच्छेद. अहो, तो डिस्प्ले फॉन्ट आहे, मोठ्या आकारात मिरवायला घडवलेला! जाड दांडे आणि केसासारख्या बारीक रेषा, हाच त्याचा रुबाब. लहान केला की बारीक रेषा उडतात, उरतात नुसत्या काळ्या काठ्या. शिशाच्या खिळ्यांनी छपाई व्हायची त्या काळात प्रत्येक आकाराचं अक्षर वेगळं कोरत. लहान आकारात रेषा जाड, जागा मोकळी. आता एकच फाइल आणि ताणाताणी.

कूपर ब्लॅक हा फॉन्ट घ्या, १९२२ चा. त्या गोलसर, फुगीर अक्षरांत दोन शब्द किती ऊबदार दिसतात! त्यातच पानभर मजकूर लावला की डोळे शिणतात.

सगळ्यात चीड येते ती शेपटीवाल्या कॅपिटल अक्षरांची. शब्दाच्या सुरुवातीला एखादं पुरे. लोक अख्खं नाव त्यातच लावतात! शेपट्या एकमेकींत अडकतात, नाव वाचताच येत नाही. इतक्या सुंदर अक्षरांचे असे हाल बघवत नाहीत हो. मथळ्याच्या फॉन्टला दोन-तीन शब्द द्या, भोवती मोकळी जागा द्या, आणि मजकुराला साधा वाचनाचा फॉन्ट लावा.