सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. नाही म्हणजे नाही!

'सीईटीत 99 पर्सेंटाइल : टॉपरची गुपितं' असा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. आमच्या भावकीच्या ग्रुपवरही येऊन गेला. असले मेसेज मी उघडतसुद्धा नाही. पण परवा आक्काचा फोन आला. भाची बारावी सायन्सला, इथं कोल्हापुरात राजारामपुरीत क्लासला जाते, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची म्हणजे एमएचटी-सीईटीची तयारी करते. सराव पेपरात तिने गणिताचे वीस प्रश्न कोरे सोडले होते. का गं, विचारलं तर म्हणाली, "मामा, चुकलं की मार्क कापतात ना?" कुणी सांगितलं? मेसेजने. आणि मामा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो!

मग बसलो आणि सगळा मेसेज वाचला.

"खात्री नसेल तर प्रश्न सोडा, निगेटिव्ह मार्किंग जीव घेतं." हे नीटचं आणि जेईईचं सीईटीला चिकटवलंय. नीटला बरोबर उत्तराला 4 आणि चुकीला वजा 1, हे खरं. एमएचटी-सीईटीला असलं काही नाही. ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या माहिती पुस्तिकेत हे सरळ लिहिलंय. पुस्तिका सेलच्या वेबसाइटवर फुकट मिळते, पण ती वाचायला वेळ नाही आणि फॉरवर्ड करायला आहे. आता हिशेब करा. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क. वीस प्रश्न कोरे सोडले म्हणजे 40 मार्कांवर पाणी. तेच वीस प्रश्न डोळे झाकून टिक केले असते, तरी चारातला एक पर्याय या हिशेबाने सरासरी पाच बरोबर येतात, म्हणजे 10 मार्क. आणि बारावीपर्यंत शिकलेल्या पोरीला चारातले दोन चुकीचे पर्याय बहुतेक वेळा ओळखू येतात. ते खोडून उरलेल्या दोनांतला एक टिक केला तर सरासरी 20. हे मार्क अभ्यास न करता मिळतात असं मी म्हणत नाही. केलेल्या अभ्यासाचेच आहेत ते, फक्त मेसेजवर विश्वास ठेवून सोडून द्यायचे नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा राहता कामा नये, हे मी वर्गात घसा फोडून सांगतो आणि घरच्याच पोरीला माहीत नाही.

गंमत म्हणजे त्याच मेसेजात चार ओळी खाली लिहिलंय, "अंदाज मारायचा तर कायम सी मारा." अरे, आत्ता तर सोडा म्हणालात! सी मारा, बी मारा, नाहीतर जोतिबाचं नाव घेऊन बोट ठेवा, संधी चारात एक एवढीच.

"आधी फिजिक्स-केमिस्ट्री झटपट उरका, वाचलेला वेळ मॅथ्सला." ज्याने हे लिहिलं त्याने परीक्षेचा स्क्रीन पाहिलेलाच नाही. पहिली 90 मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीची. ती पूर्ण झाल्यावरच मॅथ्सचा भाग उघडतो, त्याला वेगळी 90 मिनिटं. वाचलेला वेळ पुढे जात नाही. तेव्हा तो केमिस्ट्रीची उत्तरं पुन्हा तपासण्यात घालवावा.

"अकरावीचं काही येत नाही, पुस्तकं रद्दीत द्या." यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. साधारण 80 टक्के भर बारावीवर असतो आणि अकरावीचे निवडक धडेच असतात, अख्खं पुस्तक नाही. पण उरलेले 20 टक्के म्हणजे 200 पैकी 40 मार्क. रद्दीवाल्याकडून त्याचे किती मिळणार?

"90 पर्सेंटाइल म्हणजे 180 मार्क" आणि "सोपी शिफ्ट मिळाली की काम झालं." दोन्ही खोटं. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या शिफ्टमधल्या शंभरांपैकी किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्या खाली आहेत, एवढंच. पेपर सोपा आला तर सगळ्यांचेच मार्क वाढतात आणि तेवढ्याच मार्कांना पर्सेंटाइल कमी पडतो. शिवाय शिफ्ट निवडायला मिळते कुठे? हॉल तिकिटावर येईल ती.

"बोर्डाला 35 टक्के पुरे." पास व्हायला पुरे. इंजिनिअरिंगला फिजिक्स, मॅथ्स आणि तिसऱ्या विषयात मिळून खुल्या गटाला किमान 45 टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या राखीव गटांना 40. सीईटीत उत्तम पर्सेंटाइल पडूनही याच अटीवर माणूस अडकू शकतो. चार तास झोपा वगैरे जे आहे, त्यावर शाई घालवत नाही. झोपा नीट.

आणि शेवटी, "लातूर किंवा पुण्याला गेल्याशिवाय होत नाही." आक्काने तिकडच्या हॉस्टेलची चौकशीही करून ठेवलेली, वर्ष निम्मं सरलेलं असताना! लातूरकरांची शिस्त मोठी आहे, नाकारत नाही. राधानगरीकडच्या ज्या पोरांचा निम्मा दिवस एस.टी.त जातो, त्यांनी क्लासजवळ राहावं हेही खरं. पण भाची मंगळवार पेठेत राहते, क्लास सायकलच्या टप्प्यात. सांगलीचं वालचंद, पुण्याचं सीओईपी, या दोन्ही इंजिनिअरिंग कॉलेजांत याच सीईटीच्या मार्कांवर जायचं आणि अभ्यासक्रम तोच स्टेट बोर्डाचा. शाहू महाराजांनी 1901 पासून जातीजातीची बोर्डिंगं उभी केली ती खेड्यातल्या पोरांनी इथं येऊन शिकावं म्हणून. आक्का, हॉस्टेल बघायचंच असेल तर आधी त्या बोर्डिंगांच्या दसरा चौकात जाऊन ये, आणि पोरीला आज संध्याकाळी तो वीस प्रश्नांचा पेपर घेऊन माझ्याकडे पाठव.