छैौ

श्रावण लागला की आमच्याकडे दिवाळी अंकांचा हंगाम सुरू होतो. मी मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं बघणारा. पूर्वी गॅल्या यायच्या, ओल्या शाईच्या वासाच्या. आता लेख व्हॉट्सॲपवर येतात. आणि मोबाइलच्या कीबोर्डवर विसर्ग कुठल्या कोपऱ्यात दडून बसलाय हे लेखकांना माहीत नसतं, म्हणून ते सरळ कोलन ठोकतात. 'दु:ख'. दिसायला सारखंच दिसतं, पण शोधायला गेलं की सापडत नाही. एका अंकात दहा कथा, आणि मराठी कथेत दुःखाला तोटा नाही. मी एकेक वेचून नीट करत बसायचो.

हिंजवडीत नोकरी करणारा भाचा गणपतीला आला होता. दहा मिनिटं माझ्या खांद्यावरून बघत राहिला. म्हणाला, "मामा, हे हाताने करतोस? व्हिम वापर, मजकूर सुधारायचा एडिटर आहे. छोटीशी स्क्रिप्ट लिहायची, म्हणजे हुकमांची यादी, सेव्ह केलं की आपोआप होतं."

भाच्यावर विश्वास टाकण्याआधी कुठल्याही मामाने कंसाचं काय झालं ते आठवावं. मला ते तेव्हा आठवलं नाही. पुढे स्क्रिप्टा लिहायला लागलो आणि फोनवर रोज "मामा, एक कंस उघडा राहिलाय" ऐकू यायला लागलं, तेव्हा आठवलं.

व्हिम उघडलं. रिकामा पडदा, आणि मधोमध इंग्रजीत लिहिलेलं, युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. मी दचकून बंद करायला गेलो तर बंद होईना. (होत नाहीच. ते करायला शिकावं लागतं.) ब्राम मोलेनार नावाच्या डच गृहस्थांनी हे सॉफ्टवेअर उभं केलं, फुकट वाटलं आणि म्हणाले, द्यायचंच असेल काही तर युगांडातल्या मुलांना द्या. २०२३ साली गेले. देवमाणूस. पण देवमाणसाने बांधलेलं घर राहायला सोयीचं असेलच असं नाही.

या घरात मुख्य खोल्या दोन. एका खोलीत लिहायचं, दुसरीत हुकूम सोडायचे. एस्केप दाबलं की लिहिण्याच्या खोलीतून हुकमाच्या खोलीत. तिथे एच, जे, के, एल या कळा म्हणजे डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. का, तर १९७६ साली बिल जॉय यांनी व्हिमचा पूर्वज लिहिला तेव्हा त्यांच्या टर्मिनलवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. ती टर्मिनलं कधीच भंगारात गेली, बाण आमच्या नशिबी राहिले.

आता मी टाइप करतो इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर. तिथे एच म्हणजे प, जे म्हणजे र, के म्हणजे क आणि एल म्हणजे त. हुकमाच्या खोलीत मराठी बोललं की व्हिम नुसतं टुंग करतं. आणि एस्केप दाबायला विसरून बाण मारायला गेलं, तर लेखात उमटतं 'परकत'. बरकत यायची होती ती अशी आली. सेव्ह करून बाहेर पडायचा हुकूम म्हणजे कोलन, डब्ल्यू, क्यू. मराठी चालू असताना त्याचं होतं 'छैौ'. छला चार मात्रा आणि एक काना! असं अक्षर आपल्या बाराखडीत नाही. व्हिम बाहेर आलं १९९१ साली, आणि इन्स्क्रिप्टचा तक्ता ज्या भारतीय मानकात आहे तेही १९९१चंच. दोघे एका वयाचे, पण पत्रिका कोणी बघितली नव्हती.

पहिली स्क्रिप्ट एका ओळीची होती. देवनागरी अक्षराला चिकटून कोलन आला की त्याचा विसर्ग कर. सेव्ह केलं आणि अख्ख्या कथेतली दुःखं एका फटक्यात शुद्ध झाली. मी स्वयंपाकघरातून बायकोला बोलावून दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण अहो, हे 'वेळः सायंकाळी ६' असं का झालंय?"

स्थळः, वेळः, मूल्यः, संपर्कः. जाहिरातींची पानं ऋषिमुनींनी लिहिल्यासारखी दिसत होती. मग दुसरी स्क्रिप्ट. विसर्गापुढे मोकळी जागा असेल तर परत कोलन कर. वेळ सुधारली, 'स्वतः' बिघडला. 'विशेषतः', 'सामान्यतः', 'अंशतः' यांच्याही शेपटीला कोलन. तिसरी स्क्रिप्ट: तच्या पुढचा विसर्ग असेल तर हात लावू नकोस. हा नियम मला रात्री दीड वाजता सुचला आणि मी अंधारात एकटाच हसलो. सकाळी नाट्यसंगीतावरचा लेख आला. त्यात प्रत्येक पदाखाली 'गीतः' आणि 'संगीतः'.

'पुनः' आणि 'प्रायः' यांच्यासाठी चौथी लिहिली. 'दुसऱ्या'ची गोष्ट तर सांगतच नाही. तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, त्यातल्या एकीत मध्ये न दिसणारं, शून्य रुंदीचं एक चिन्ह असतं, आणि एकाच लेखकाच्या एकाच परिच्छेदात दोन्ही 'दुसऱ्या' सुखाने नांदत असतात. जे दिसतच नाही ते शोधायची स्क्रिप्ट लिहिण्यात माझी सर्वपित्री अमावास्या गेली.

नवरात्र आलं तोवर सेव्ह करायला वेळ लागायला लागला. आधी पापणी लवेपर्यंत, मग चहाचा घोट घेईपर्यंत. शिवाय मी पुसून टाकलेले नियम अजून चालत होते! दुपारी रद्द केलेला नियम संध्याकाळी विसर्ग खाताना मी डोळ्यांनी बघितला. भाच्याला फोन लावला.

"मामा, ऑटोकमांडला, म्हणजे त्या आपोआप चालणाऱ्या हुकमांना, ऑग्रुपच्या गटात घालून आधी जुने पुसले नाहीस? स्क्रिप्टांची फाइल परत लोड केलीस की जुने नियम जात नाहीत, नवे त्यांच्यावर रचले जातात. किती वेळा लोड केलीस?"

किती वेळा! मी आठवडाभर व्हिम बंदच केलं नव्हतं, कारण ते कसं करायचं याची मला तोवर खात्री नव्हती. म्हणजे प्रत्येक सेव्हला माझे आठवडाभराचे सगळे विचार, चुकलेले धरून, पहिल्यापासून एका मागोमाग एक त्या बिचाऱ्या लेखावरून चालत जात होते.

"तुम्हाला ते पोळ्यांचं मशीन आठवतंय का?" बायकोने विचारलं. आठवत होतं. माळ्यावर आहे. पोळी दोन मिनिटांत व्हायची आणि मशीन धुवायला अर्धा तास लागायचा.

त्यातच संपादकांचा फोन. (माणूस संपादक. दुसरा संपादक समोर टुंग करत होता.) "अहो, पान ८४ची कविता. शेवटची ओळ 'छैौ' अशीच आहे का?"

माझ्या पोटात गोळा आला. एस्केप राहिला होता. पण तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची चूक फोनवर सांगता येत नाही. मी म्हटलं, "कवींनाच विचारता का?"

"विचारू कसं? कळली नाही असं वाटेल त्यांना." थोडा वेळ शांतता. "जोरकस आहे, नाही?"

"आहे," मी म्हणालो. कविता तशीच छापली गेली.

त्या रात्री मी शेवटची स्क्रिप्ट लिहिली. लिहिण्याच्या खोलीत शिरलं की कळफलक आपोआप मराठी, बाहेर पडलं की आपोआप इंग्रजी. पुन्हा छैौ नको. चालली, पहिल्याच फटक्यात! त्या आनंदात मी कळफलक हाताने बदलायचा शॉर्टकटच काढून टाकला. आता लागतो कशाला? मग सहज म्हणून, आणखी एक चौकोनी कंस नीट लावावा म्हणून, स्क्रिप्टांची फाइल उघडली. लिहिण्याच्या खोलीत शिरलो. कंसाऐवजी मराठी उमटलं. बाहेर पडलो, इंग्रजी. आत शिरलो, मराठी. स्क्रिप्ट चोख काम करत होती. ती दुरुस्त करायला इंग्रजी लागत होतं आणि इंग्रजी ती येऊ देत नव्हती. कुलूप लावून किल्ली खिडकीतून आत टाकावी, तसं.

भाचा फोनवर बराच वेळ हसला. मग म्हणाला, "मामा, लिहायला जातोसच कशाला? बाहेरच थांब. त्या ओळीवर ये आणि डी दोनदा दाब."

दाबला. ओळ गेली. हुकमाच्या खोलीत पुसता येतं, आत न शिरता! एवढी वर्षं मी पोटासाठी दुसरं काय केलं होतं? मग हात थांबेना. गीतः-संगीतः गेले, पुनः गेला, वेळ गेली. २१४ ओळींतल्या ११ उरल्या. दुःखाची पहिली ओळ तेवढी ठेवली. जाहिरातींची पानं तिला दाखवत नाही.

परवा त्या कवींच्या नव्या संग्रहाची प्रूफं आली, कागदावर, कारण ते अजून कागदावरच तपासतात. ती कविता पहिलीच आहे. मी लाल पेन उघडून शेवटच्या ओळीपाशी आलो, तर 'छैौ'खाली त्यांनी आधीच टिंबांची रेघ मारून समासात लिहिलं होतं, 'तसेच ठेवणे'.