तीन दिवस फळा आणि खरारा का, या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर. तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मिसेसनी दाखवला. तुम्ही लिहिलंय की घोडेस्वारी शिकवायचे ८,००० रुपये घेऊन पहिले तीन दिवस फळ्यावर लेक्चर आणि घोडीला खरारा, आम्ही काय मोतद्दार व्हायला आलो का, आणि चौथ्या दिवशी बसवलं तर खोगीर सैल, घोडी बिथरणारी, स्टाफचं लक्ष नाही. खोगीर फिरलं त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आमच्या मुलाने शेवटी तंगाला, म्हणजे खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याला, हात लावून बघायलाच पाहिजे होतं, ती चूक आमचीच.

पण सर तीन दिवस फुकट गेले हे जे लिहिलंय ना ते फार लागलं. एकतर तासातली २० मिनिटंच फळा होता, बाकी वेळ तुम्ही तारा घोडीजवळच होतात. आणि तंगाचंच घ्या. दुसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी उभं राहून दाखवलं होतं, खोगीर चढवलं की ती कान मागे घेते, श्वास भरून फुगते, आपण तंग आवळतो आणि वाटतं झालं घट्ट, चार पावलं चालली की श्वास सोडते आणि पट्ट्याखाली आख्खा पंजा जातो. म्हणून आधी एकदा आवळायचा, रिंगणात एक चक्कर हाताने चालवायची, परत एक-दोन भोकं वर घ्यायची आणि मगच बसायचं. तेव्हा तुम्ही फोनवर होतात, मी दोनदा थांबलो, तिसऱ्यांदा कसं बोलणार, तुम्ही वयाने मोठे. चौथ्या दिवशी मुलगा चक्कर मारून आणतो म्हणाला तर तुम्ही ‘झालंय टाइट, वेळ घालवू नको’ म्हणालात आणि रिकिबीत पाय टाकलात, सगळं वजन डाव्या बाजूला आलं आणि खोगीर फिरलं. तारा जागची हलली नाही सर, मुलाने तुम्हाला धरेपर्यंत तशीच उभी राहिली, आणि तिलाच तुम्ही बिथरणारी लिहिलंत. दुसरी घोडी असती तर उधळली असती.

माझे वडील माथेरानला घोडे चालवायचे. तिथे गाड्यांना बंदी, गिऱ्हाईक दोन मिनिटांत वर आणि लगाम घोडेवाल्याच्या हातात, ती झाली सैर, शिकणं नाही. मी पण तसाच शिकलो, नुसतं बस म्हणाले. दुडकी चाल लागली की घोड्याच्या लयीबरोबर उठायचं-बसायचं असतं हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, तोपर्यंत माझी कंबर गेली आणि आमच्या एका चांगल्या घोड्याच्या पाठीला जखमा झाल्या, ते अजून मनातून जात नाही. उलट व्हिडिओ बघून आलेले पण येतात, टाच खाली नजर समोर सगळं पाठ, आणि घोडा हलला की लगामाला लोंबकळतात, त्याच्या तोंडात लोखंड आहे हे विसरतात. बसल्याशिवाय येत नाही हे मलाही मान्य आहे, फक्त न समजता बसलं की सोसावं जनावराला लागतं.

आमच्याकडे चारच जनावरं आहेत. बॅच असो नसो चारा रोज लागतो, दर सहा आठवड्यांनी नालबंद येतो. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून रविवारच्या बॅचचे दोघं नाही म्हणाले, म्हणून एवढं लिहिलं, राग मानू नका. आता पहिल्याच दिवशी १० मिनिटं तरी लांब दोरीने धरलेल्या घोड्यावर बसवायचं असं ठरवतोय, फळा पण जरा कमी करू, बघतो कसं बसवता येतं ते.

तुमचे चार सेशन बाकी आहेत, पैसे परत हवे असतील तर देतो. यायचं असेल तर सकाळी ७ च्या आत या, ऊन चढलं की आम्ही घोडे बाहेर काढत नाही, आणि ते जाड सोलचे स्पोर्ट्स शूज नको, थोडी टाच असलेले बूट घाला म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. तंग तुम्ही आवळा, मी शेजारी उभा राहतो.