इमारत शेवटी बांधा, आधी मुलं शोधा

विज्ञान आणि गणितासाठी कोकणात एक सरकारी निवासी शाळा व्हावी, अशी चर्चा आमच्याकडे पुन्हा सुरू झाली आहे. ऐकून मला आनंद होतो आणि पाठोपाठ काळजीही वाटते. बोलणं सुरू होतं ते जागेपासून. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, किती एकर मिळतील, भूमिपूजन कधी करायचं, कमान कुठे येईल. मुलं कोणती आणि कशी निवडायची हा विषय शेवटी निघतो आणि "परीक्षा घेऊ की" एवढ्यावर मिटतो. विजयदुर्गच्या खाडीकाठच्या एका हायस्कुलात मी तीसेक वर्षं गणित शिकवलं. त्या अनुभवावर सांगते, हा क्रम उलटा व्हायला हवा.

एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही.

नववीचा वर्ग होता, प्रमाणाचा धडा चालू होता. मी भरतीचं उदाहरण घेतलं. आमच्याकडे होडीवाल्यांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. फळ्यावर लिहून मी पुढे जाणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. बाप रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारी करायला, जाणारा. म्हणाली, "बाई, पुनवेक पंधरा पाऊणे सव्वाअकरा होतत. पण पुनवेक भरती परत बाराच्या आसपासच येता. पाऊण तास खंय गेलो?"

इतकी वर्षं मी तो हिशोब वर्गात सांगत आले होते. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तिनेच उत्तर काढलं. अमावास्येच्या बारापासून पुनवेच्या बारापर्यंतचे बारा तास पंधरा तिथींवर वाटले की एका तिथीला ४८ मिनिटं येतात. पाऊण तास म्हणजे ४५. रोजची तीन मिनिटं बुडतात, ती पंधरवड्यात पाऊण तास होतात. तोंडी करता यावं म्हणून जुन्या माणसांनी पाऊणकी धरली, हेही तिनेच सांगितलं. पुढचा महिनाभर तिने जेटीच्या पायरीवर खडूने खुणा केल्या आणि वहीच्या मागच्या पानांवर आकडे लिहिले. उधाणाची मोठी भरती, भांगाची लहान भरती, सगळं. एक दिवस वही घेऊन आली, कारण दिवसाची भरती आणि रात्रीची भरती सारखी चढत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. ते खरंच आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्यांच्या उंचीत फरक असतो.

दहावीला तिला चांगले गुण मिळाले. अकरावी विज्ञान तालुक्याच्या गावी. वस्तीची एसटी पहाटे सुटणार आणि परत यायला रात्र होणार. वसतिगृहासाठी मी एका कार्यालयात तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला कळलं की अर्जाची मुदत पहिल्या फेरीच्या आधीच संपली होती. तिची आई मला म्हणाली, "चेडवाक एकटा येवढ्या लांब कसा धाडूचा, बाई?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलीने जवळच्या कॉलेजात कला शाखा घेतली. आज ती एका काजूच्या कारखान्यात हजेरी आणि वजनं लिहिते. ती वही माझ्याकडे आहे.

आता सांगा, पर्याय निवडा छापाच्या दोन तासांच्या परीक्षेत ही मुलगी वर आली असती का? नसती आली. तिला तसल्या पेपरचा सरावच नव्हता. निवड परीक्षा जाहीर झाली की आठवड्याभरात तिचे क्लास निघतात, आणि ते निघतात शहरात. मग सरकारी पैशाने बांधलेल्या शाळेत जायची ती ज्यांच्या पालकांना क्लासची फी परवडते त्यांचीच मुलं.

कोकणात हुशारीची वाण नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, २०२४ साली ९९.०१ टक्के लागला होता. ती सगळी मुलं जूनमध्ये कुठे जातात? ज्यांचा मामा मुंबईला आहे ती मामाकडे, ज्यांच्याकडे पैसा आहे ती कोल्हापूर, पुणे, लातूरच्या क्लासला. बाकीची मिळेल त्या शाखेला.

हे आजचं नाही. मुरूडहून धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री चढून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. त्याच दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. मुर्डी ते केंब्रिज या वाटेवरचा पहिला टप्पा होता तो अण्णा कर्व्यांचं मुंबईतलं बिऱ्हाड. अण्णांनी नात्यातल्या या मुलाला शिकायला आपल्याकडे नेलं. ज्या मुलांना असा अण्णा भेटला नाही, त्यांची नावं कोणी लिहून ठेवलेली नाहीत. सरकारी निवासी शाळेने अण्णा व्हायचं आहे, माझी मागणी एवढीच आहे.

शोधायचं कसं, याची उत्तम रीत सायबेरियात झाली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नोवोसिबिर्स्कच्या शास्त्रज्ञांनी गणितं वर्तमानपत्रांतून छापली. खेड्यापाड्यांतल्या मुलांनी ती घरी बसून, हवा तेवढा वेळ घेऊन सोडवली आणि उत्तरं टपालाने पाठवली. उत्तर चुकलं तरी विचार कसा केलाय ते तपासलं जाई. त्यातून निवडलेल्या मुलांना पुढच्या फेरीला आणि मग उन्हाळी शिबिराला बोलावलं, आणि तिथे त्यांना काम करताना बघून शाळेसाठी निवड केली. शाळा १९६३ला उघडली. आपल्याकडे टपाल आहे, व्हॉट्सअॅप आहे, मे महिन्यात रिकाम्या पडलेल्या शाळा आहेत. यातल्या कशालाच भूमिपूजन लागत नाही.

"नवोदय आहे की", म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, असं कोणी म्हणेल. आहे, आणि मला त्याबद्दल आदर आहे. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात सांगेलीला आहे. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना, हा नियम सोन्यासारखा आहे. पण ती परीक्षा पाचवीत होते. नंतर नववीत किंवा अकरावीत शिरायचं तर जागा रिकामी असावी लागते. भरतीचा प्रश्न विचारणारी मुलगी पाचवीत असताना गप्प बसायची. कुणाचं डोकं गणितात आठवीत उघडतं, कुणाचं दहावीत.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो माझे सहकारी शिक्षकच घेतात. आमच्या हायस्कुलांत नववीला कुठे अकरा, कुठे चौदा मुलं. त्यातली दोन चांगली उचलून नेलीत, तर मागे वर्गात काय राहिलं? तुकडी टिकेल का? म्हणून माझं मत असं झालंय की ही शाळा अकरावी-बारावीचीच असावी. दहावीनंतर मूल गावातून बाहेर पडणारच असतं, तेव्हा त्याला चांगल्या जागी न्या. आठवीपासून शोध, नववी-दहावीत सुट्टीची शिबिरं, अकरावीला प्रवेश. मुलं दहावीपर्यंत आपल्याच शाळेत राहतील आणि शिबिरात शिकलेलं वर्गात आणतील.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९८० साली अशीच शेवटच्या दोन इयत्तांची सरकारी निवासी शाळा डरॅम शहरातल्या एका जुन्या, रिकाम्या झालेल्या इस्पितळात सुरू केली. मुलं राज्याच्या प्रत्येक मतदारसंघातून घेतली. आपणही तालुका धरू. रायगडचे १५, रत्नागिरीचे ९, सिंधुदुर्गचे ८, असे ३२ तालुके. प्रत्येकातून दोन मुली, दोन मुलगे, म्हणजे वर्षाला १२८ आणि दोन वर्षांची मिळून २५६ मुलं. एवढ्यांसाठी पन्नास एकर कशाला? पालघर-डहाणूकडे स्वतंत्र शाळा हवी, तिथलं अंतर आणि गरज दोन्ही वेगळ्या आहेत.

जागा म्हणाल तर मी सिंधुदुर्गातली असूनही रत्नागिरी म्हणेन. रेल्वे आहे, मोठं इस्पितळ आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. आडरानातल्या सड्यावर शाळा नेली तर एप्रिलपासून पाण्याचे टँकर सुरू होतील आणि चांगला शिक्षक दोन वर्षांत बदली मागेल. शिक्षक तर कायमचेच हवेत, आवारात राहणारे. तासिका तत्त्वावरचा शिक्षक पाचच्या गाडीने घरी जातो आणि मुलांना प्रश्न पडतात रात्री नऊला. त्यात त्या शिक्षकाचा दोष नाही.

आणि वेळापत्रक मुंबईत बसून करू नका. गणपतीला दहा दिवस आणि शिमग्याला आठवडाभर सुट्टी द्यायलाच हवी. कोकणातलं मूल चतुर्थीला वसतिगृहात कोंडलंत तर ते परत येणार नाही, आणि त्याची आईही त्याला परत पाठवणार नाही. मुलींच्या आयांना महिनाभर आधीच शाळा दाखवा, वॉर्डनबाईंशी भेट घालून द्या, रोज संध्याकाळी फोन करता येईल हे लिहून द्या.

शिकवायला साहित्य दारातच आहे. हापूसमध्ये साका का होतो, बाहेरून फळ निर्दोष आणि आतून पांढरट, आंबट? बागायतदाराच्या पोराला हा प्रश्न रक्तातून मिळालेला असतो. आमच्या विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' म्हणतात ते चौथरे दाखवून सांगतात की १८६८च्या सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथून हेलियम शोधला. त्या १८ ऑगस्टला ग्रहण बघणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. सूर्याच्या वर्णपटातली जी पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली, ती लॉकियरने ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. मला माझ्या किल्ल्याचा अभिमान आहे, म्हणूनच वाटतं की हे शोधून काढायला आमची मुलं ओट्यावर कागदपत्रं घेऊन बसावीत. ग्रहणाचा पट्टा कुठून गेला, ओटे कोणी आणि कशासाठी बांधले, सगळं.

सरकार ठरवेल तेव्हा ठरवेल. येत्या मे महिन्यात आम्ही चार निवृत्त शिक्षक आमच्या हायस्कुलात आठवी-नववीच्या चोवीस मुलांचं दहा दिवसांचं शिबिर घेतोय. गणितं आधी टपालाने जातील, फी नाही, परीक्षा नाही. मुली शाळेपलीकडे माझ्या घरी राहतील, मुलगे वर्गखोल्यांत. जेवण गावातून येईल, मासेही असतील. सुट्टीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांपैकी कोणी भौतिकशास्त्र, गणित, संगणक जाणणारं असेल तर दोन दिवस द्या. प्रकाशाचा वर्णपट दाखवायचं साधं उपकरण कोणाकडे पडून असेल तर तेही हवंय. इनबॉक्समध्ये कळवा, कोणत्या तारखांना याल तेही लिहा.