चाळिशीतली सोळा वर्षांची पोरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, त्यामुळे उत्तरही लांबणार. ‘वेट हॉट अमेरिकन समर’ या चित्रपटाची नेटफ्लिक्सने केलेली मालिका मला आवडली, ते तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हा आठवणी विकायचा धंदा आहे, दीड तासाचा विनोद आठ भागांत ताणलाय, चाळिशी उलटलेले नट शाळकरी पोरं म्हणून बघवत नाहीत, आणि मी पडलो चाहता, म्हणून मला यातलं काही खुपलं नाही. जाता जाता चिमटाही काढलात, की उद्या ‘अशी ही बनवाबनवी’ची वेब सिरीज आली तर तिलाही टाळ्या वाजवणार का?

धंद्याचं आधी उरकतो. धंदा आहेच. 2001 साली हा चित्रपट साफ आपटला होता. खर्च सुमारे 18 लाख डॉलर आणि तिकीटबारीवर 3 लाखसुद्धा जमले नाहीत. नावाजलेला समीक्षक रॉजर ईबर्टने एकच स्टार देऊन बोळवण केली. प्रेक्षक मिळाला तो नंतर, हळूहळू. 2015 मध्ये नेटफ्लिक्सने पैसे ओतले, कारण तोवर त्यातले ब्रॅडली कूपर, एमी पोहलर, पॉल रड, एलिझाबेथ बँक्स मोठे स्टार झाले होते. हे सगळं मान्य केलं तरी मालिका हसवते की नाही, हा प्रश्न तसाच उरतो. माझा लेख तेवढ्यापुरताच होता.

आता वयाचा मुद्दा. तुम्हाला जे खटकलं, माझ्या मते मालिकेचा जीव नेमका त्यातच आहे. मूळ चित्रपट घडतो 1981च्या उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या दिवशी. मालिका पुढे जात नाही, मागे जाते, त्याच शिबिराच्या पहिल्या दिवशी. म्हणजे नट चौदा वर्षांनी थोराड झालेत आणि पात्रं दोन महिन्यांनी लहान! चित्रपटाचा सहलेखक आणि नट मायकल शोवॉल्टर पंचेचाळिशीला टेकलेला. डोक्यावर उघड उघड विग, कपड्यांखाली सुटलेलं पोट, आणि चेहऱ्यावर पहिल्या प्रेमात पडलेल्या पोराचा भाबडेपणा. समोरचं एकही पात्र दचकत नाही. कॅमेरासुद्धा सांभाळून घेत नाही. बहुतेक पुनरागमनं इथेच घसरतात. एकतर मेकअप थापून वय लपवतात, नाहीतर ‘किती वर्षं झाली नाही!’ म्हणत डोळे पुसत बसतात. इथे मधली वर्षं लपवलीही नाहीत आणि त्यांचे कढही काढले नाहीत, सरळ विनोदाला जुंपली. 2017च्या पुढच्या मालिकेत कूपर नव्हता, त्याच्या जागी अ‍ॅडम स्कॉट आला. खुलासा काय, तर म्हणे नाकाचं ऑपरेशन झालं! बस्स, पुढे चला. अडचण आली की तिचाच विनोद करायचा, ही या मंडळींची जुनी खोड आहे.

ताणल्याचा आरोप मी निम्मा मान्य करतो, आणि लेखातही तसं लिहिलं होतं. विषारी कचरा, सरकारी कारस्थान आणि कोर्टकचेरी हा धागा मधल्या भागांत रेंगाळतो. मायकल सेरा वकील म्हणून येतो तेव्हा जरा जान येते, पण तेवढीच. मात्र मूळ चित्रपट आटोपशीर होता आणि मालिकेने तो सैल केला, हे मला पटत नाही. तो कधीच आटोपशीर नव्हता. जेवणाच्या हॉलमधला पॉल रडचा प्रसंग घ्या. खरकटं ताट उचल, एवढंच त्याला सांगितलेलं असतं. तर तो मान टाकतो, उसासे सोडतो, सगळं अंग ढिलं करत वाकतो, एकेक वस्तू उचलताना चडफडतो. प्रसंग संपता संपत नाही, आणि त्या न संपण्यालाच आपण हसतो. याउलट शिबिरातली मंडळी तासाभरासाठी गावात जातात, तेव्हा त्या एका तासात दारू, चोऱ्या, हेरॉइनचं व्यसन असं सगळं उरकून टवटवीत चेहऱ्याने परत येतात. वेळ हवा तसा ताणायचा नाहीतर चेंगरायचा, हाच तर या चित्रपटाचा खेळ. मालिकेने तोच मोठ्या पटावर मांडला : आठही भाग एकाच दिवसात घडतात, आणि त्या एका दिवसात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षसुद्धा शिबिरात येऊन जातो. (रेगनही शोवॉल्टरच झालाय.)

चित्रपटाची मालिका करायची दुसरीही एक वाट आहे. ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ हा 2014चा न्यूझीलंडचा चित्रपट 2019 मध्ये मालिका झाला, तेव्हा जुनं घर आणि जुनी पात्रं वेलिंग्टनलाच ठेवली. फक्त एका घरात राहणाऱ्या रक्तपिपासू पिशाच्चांची कल्पना आणि डॉक्युमेंटरीचं सोंग उचललं आणि न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमध्ये नवी मंडळी बसवली. त्यातला कॉलिन रॉबिन्सन रक्त पीत नाही, ऑफिसात लोकांना कंटाळवाण्या गप्पांत अडकवून त्यांची ताकद शोषतो. असं पात्र मूळ चित्रपटात नव्हतं. मालिका सहा सीझन चालली. त्यात जुन्या चेहऱ्यांचा वाटा नाममात्र होता, एवढं मात्र ‘आठवणी विकायच्या’ हिशेबात धरा.

आणि ‘बनवाबनवी’? नाही, टाळ्या वाजवणार नाही. एकतर 2004 नंतर लक्ष्मीकांत बेर्डे नाहीत, आणि त्यांची उणीव विगने भरून निघणारी नाही. शिवाय त्या चित्रपटाची घडणच वेगळी. घरासाठी एक थाप, ती टिकवायला दुसरी, दुसरीसाठी साडी नेसणं, आणि शेवटी सगळं एकदम उघडं पडणं. एकदा उघडं पडल्यावर पुढे मालिका कशाची करणार? ‘समर’मध्ये मुळात कथानकालाच किंमत नव्हती, म्हणून पहिला दिवस नव्याने रचला तरी काही बिघडलं नाही.

राहता राहिली तुमची शेवटची ओळ, की चित्रपट न बघताच तुम्ही मालिका सुरू केलीत आणि तिसऱ्या भागात सोडलीत. मग तुम्हाला ती फुसकी वाटली तर नवल नाही. शिबिराचा स्वयंपाकी जिच्याशी बोलतो ती भाज्यांची डबी कुठून आली, हे मालिका अगदी गंभीरपणे समजावते. पण चित्रपटात ती डबी बोलताना ज्याने पाहिली नाही, त्याला त्यात हसण्यासारखं काय वाटणार? आधी चित्रपट बघा, 97 मिनिटांचाच आहे. पॉल रडच्या त्या ताटाला हसू आलं नाही, तर मालिकेच्या वाटेला परत जाऊच नका. मीही आग्रह करणार नाही.