फायनल साडेतीनची, पाहुणे सव्वापाचचे

मंडळी, चषकांचा मोसम सुरू झालाय. चौकाचौकात फ्लेक्स लागलेत. फ्लेक्सवर पंचवीसेक चेहरे आहेत, फुटबॉल मात्र दिसत नाही. नीट शोधलात तर खाली कोपऱ्यात, प्रिंटिंगवाल्याच्या मोबाईल नंबरशेजारी, लिंबाएवढा एक बॉल सापडेल. परवाच आमच्या सांगली जिल्ह्यातली एक फायनल बघून आलोय. गाव सांगत नाही, चषक कुणाच्या स्मरणार्थ होता तेही सांगत नाही. गाव बदललं तरी कार्यक्रम तोच असतो. तिथून बराच शहाणा होऊन आलो, म्हणून चार हिताच्या गोष्टी सांगतो. पाळल्यात तर तुमच्याही आठवणी गोड होतील.

पहिली गोष्ट वेळेची. पत्रिकेत साडेतीन छापलेलं असलं तरी साडेतीनला जाऊ नका. साडेतीनला मैदानात खेळाडू, भडंगवाला आणि माझ्यासारखे खुळे एवढेच असतात. माईकवाला मात्र हजर असतो, आणि खरा सामना तोच खेळवत असतो. ‘साहेब निघालेले आहेत.’ पोरं वॉर्मअप करतात. ‘साहेब अंकलीच्या पुलावर आहेत.’ पोरं परत वॉर्मअप करतात. ‘साहेब वाटेत एका वास्तुशांतीला पाच मिनिटं थांबलेले आहेत, तरी क्रीडारसिकांनी सहकार्य करावं.’ पोरं गवतावर आडवी होतात. क्रीडारसिक सहकार्य करतात, कारण आधीच खुर्चीत बसलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं?

सव्वापाचला पाच गाड्या आल्या, आणि त्या थेट गेटात लागल्या. मग सत्कार. साहेबांचा, साहेबांबरोबर आलेल्यांचा, साहेबांना आणायला गेलेल्यांचा. शाल, श्रीफळ, फेटा. फेटे कमी पडले तेव्हा एकाच्या डोक्यावरचा उतरवून दुसऱ्याला बांधला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मग भाषण. साहेब लहानपणी कबड्डी खेळायचे, हे आम्हाला कळलं. फुटबॉल हा सांघिक खेळ आहे, हेही कळलं. येत्या वर्षात मैदानाला लाईट बसणार, हे तर आम्हाला गेल्या खेपेच्या साहेबांकडूनच कळलेलं होतं. मग खेळाडूंशी ओळख. बावीस हात हातात घेतले, पण नजर सगळा वेळ फोटोग्राफरकडं. मग साहेबांच्या पायानं बॉल मारून उद्घाटन. पहिल्या वेळी फोटो हलला म्हणून दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी मागं कुणाचा तरी हात आला म्हणून तिसऱ्यांदा. एव्हाना सूर्य उसाच्या फडापलीकडं टेकला होता. तेव्हा कमिटीनं पंचांना बाजूला घेऊन सांगितलं, हाफ छोटे करा आणि हाफटाइम देऊच नका, नुसती बाजू बदला. म्हणजे कापायची वेळ आली तेव्हा काय कापलं, तर मॅच. सगळ्या संध्याकाळीत जादा काय होतं, तर मॅच! महिनाभर पहाटे उठून पळालेल्या त्या पोरांच्या फायनलीतला वेळ कापला, भाषणातलं एक वाक्यही कापलं नाही. असो. तुम्ही आपले पावणेसहाला जा.

दुसरी गोष्ट, आठवणी शक्यतो जुन्या आणि लांबच्या ठेवाव्यात. आमचे वडील मुंबईत गिरणीत होते, त्यांच्या आठवणी कूपरेज मैदानाच्या. रोव्हर्स चषक. १८९१ साली गोऱ्या पलटणींसाठी सुरू झालेली स्पर्धा. हैदराबादच्या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं ती जिंकली, ते वडिलांनी जुन्या जाणत्यांकडून ऐकलेलं. सांगताना मात्र स्वतः गोलपोस्टमागं उभे असल्यासारखं सांगायचे. कलकत्त्याचे मोठे क्लब यायचे, गोव्याचे यायचे, आणि समोर आपले मफतलाल, टाटा, ऑर्के, महिंद्रा. पाळी संपली की गिरणीतली माणसं डबा हातात धरून मैदानाकडं सुटायची. आता गिरण्या नाहीत आणि रोव्हर्सही नाही. फेडरेशन चषक आणि ड्युरँड या देशातल्या दोन मोठ्या स्पर्धा जिंकून दाखवणाऱ्या महिंद्रा युनायटेडनंही २०१० मध्ये गाशा गुंडाळला. यात एक सोय बघा, बंद पडलेल्या स्पर्धेत पाहुणे उशिरा येत नाहीत.

माझी स्वतःची सगळ्यात गोड आठवण तर न बघितलेल्या सामन्याची आहे. १३ जुलै १९९७, कलकत्त्याचं सॉल्ट लेक, फेडरेशन चषकाची सेमीफायनल, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. माणसं सव्वा लाखाच्या वर. बागानचे कोच अमल दत्ता आपल्या ‘डायमंड’ रचनेवर खूश; आठवडाभर समोरच्या खेळाडूंची टर उडवत होते, ओमोलोचं तर त्यांनी ‘ऑम्लेट’ करून टाकलं होतं. मग ईस्ट बंगालच्या भुतियानं हॅटट्रिक ठोकली. ४-१. मी ते दुसऱ्या दिवशी सांगलीच्या एसटी स्टँडवर पेपरात वाचलं, आणि माझी गाडी माझ्यासमोरून निघून गेली. त्यातली मजा पुढं आहे. ज्या फायनलसाठी एवढं केलं ती ईस्ट बंगाल गोव्याच्या साळगावकरकडून हरली. विचारा कुणालाही, आठवत नाही. म्हणून म्हणतो, आठवण सेमीफायनलची ठेवावी. सेमीला स्टेज नसतं.

तिसरी गोष्ट, कोल्हापूरला जा. आमचा सांगली जिल्हा पैलवान मारुती मानेंचा, इथं फुटबॉलला अजून बरेच जण ‘व्हॉलीबॉल की काय ते’ म्हणतात. तेव्हा दुपारचं जेवून जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली फाटा करत शाहू स्टेडियम गाठा. तिथं संघाचं नाव विचारावं लागत नाही, पेठ कळली की संघ कळतो. हलगी वाजत असते. शेजारी बसलेले पंचाहत्तरीचे आजोबा पंचाच्या आधी ऑफसाइड देतात, आणि ते बरोबर असतं. तुमच्या मागची बाई ‘अरं, विंगला सोड की रं’ म्हणून ओरडते, आणि पोरगं खरंच विंगला सोडतं! तालमीत दूध पिऊन वाढलेली पोरं डाव्या पायानं असा बॉल वळवतात की आपण नकळत उभे राहतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. देशातल्या मोठ्या शहरांना जमलं नाही ते या पेठांनी वर्गणीवर करून दाखवलंय, हे मी सांगलीकर असूनही मान्य करतो. लिहितानाही जड जातंय. मॅच संपल्यावर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, पोलिसांना तर तारखेसकट ठाऊक आहे. गाडी तेवढी शिरोलीच्या दिशेला तोंड करून लावा.

पंच चुकणारच आहे, तेव्हा शिवी आधीच काढून ठेवा.

घरच्या बायकांना नेऊ नका. मैदानात त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नाही; असलंच तर त्यात मंडळाच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात आणि चावी ज्याच्याकडं आहे तो चहाला गेलेला असतो.

पोराला न्यायचं असेल तर अंगात मँचेस्टरचा टी-शर्ट घाला. २०१३ च्या इंग्लंडच्या एफए कप फायनलीत छोट्याशा विगननं मँचेस्टर सिटीला एक्क्याण्णवाव्या मिनिटाला कसं पाडलं, आणि त्याच आठवड्यात विगनवालेच लीगमध्ये खालच्या वर्गात कसे घसरले, हे त्याला तोंडपाठ असतं. महाराष्ट्रानं राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकलेली आहे हे त्याला सांगायला जाऊ नका. तो विचारेल, कोण संतोष?

बक्षीस समारंभाला मात्र अवश्य थांबा. त्यातून देशाची एकात्मता दिसते. ड्युरँड चषक म्हणजे आशियातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा, १८८८ ची. जिंकणाऱ्याला एक नाही, तीन ट्रॉफ्या मिळतात. म्हणजे हात लावायला जागा भरपूर. तरीसुद्धा २०२२ मध्ये बेंगळुरूनं मुंबई सिटीला २-१ असं हरवल्यावर कॅप्टन सुनील छेत्री ट्रॉफी घ्यायला गेला, तेव्हा बंगालचे त्या वेळचे राज्यपाल फोटोच्या नादात त्याला हातानं मागं सारताना साऱ्या देशानं बघितले. भारताकडून सगळ्यात जास्त गोल मारणारा माणूस फोटोच्या आड येत होता! लोक उगाच चिडले. आमच्याकडं या बाबतीत कितीतरी प्रगती आहे. खेळाडूंना स्टेजवर चढूच देत नाहीत, त्यामुळं कुणाला ढकलायची वेळच येत नाही.

आमच्या त्या फायनलीत मात्र बक्षीस समारंभ जरा घाईत उरकला. उत्तरार्ध संपत आला होता. बॉल दिसत नव्हता, बॉलचा आवाज तेवढा येत होता. डावीकडून एक क्रॉस आला. स्ट्रायकर उडाला, गोलकीपर बाहेर आला, आणि दोघांनाही एकमेक दिसले नाहीत. स्ट्रायकर पडला तो हलेना. बारावीतलं पोरगं. लोक आत पळाले. कुणी तोंडावर पाणी मारतंय, कुणी पाय ओढतंय, कुणी कांदा शोधतंय. मान हलवू नका, असं सांगणारं मैदानात कुणी नव्हतं. पत्रिकेत ‘वैद्यकीय सहकार्य’ म्हणून एका डॉक्टरांचं नाव फोटोसकट होतं. स्टेजवर त्यांची खुर्चीही होती, आणि तिच्यावर उरलेल्या शाली ठेवल्या होत्या. स्ट्रेचर नव्हतं. पोरांनी रेलिंगचा फ्लेक्स ओरबाडला आणि त्यावर त्याला उचलला. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती तालुक्याहून निघायची होती. कुणीतरी टेम्पो आणला, तर गेटात साहेबांच्या पाच गाड्या. ड्रायव्हर सापडेनात. ते सापडेपर्यंत माईकवर काय चाललं होतं माहितीय? प्रायोजकांची नावं. एक नाव राहिलं होतं म्हणून पहिल्यापासून पुन्हा.

पोरगं रात्री शुद्धीवर आलं. खांद्याचं हाड मोडलंय, या मोसमात खेळणार नाही. नशीब त्याचं. आयोजकांचं तर फारच मोठं.

कारण असं नशीब प्रत्येकाला मिळत नाही. ५ डिसेंबर २००४, बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन चषकाची फायनल, गोव्याची डेम्पो विरुद्ध मोहन बागान. क्रिस्तियानो ज्युनियर नावाचा पंचविशीतला ब्राझिलियन पोरगा. आपला दुसरा गोल मारताना तो गोलकीपरवर आदळला आणि तिथंच कोसळला. गोल झाला, डेम्पो २-० जिंकली, आणि तो गेला. ते दृश्य नंतर बातम्यांत परत परत दाखवत होते. मी टीव्ही बंद केला होता. जागेवर कसली आणि किती मदत होती यावरून तेव्हा देशभर रान उठलं. डेम्पोनं त्याचा दहा नंबरचा टी-शर्ट कायमचा बाजूला ठेवला. ती राष्ट्रीय फायनल होती, टीव्हीवर होती. त्याला आता दोन दशकं उलटून गेली, आणि आपण अजून फ्लेक्सवरनं पोरं उचलतोय.

काय चाललंय हे? फेट्यांना पैसे आहेत. फटाक्यांना आहेत, डॉल्बीला आहेत, ड्रोनला आहेत. परगावच्या खेळाडूला एका मॅचसाठी गाडी पाठवून आणायला आहेत. आणि दारात एक ॲम्ब्युलन्स उभी करायला बजेट नाही म्हणता? लाज वाटू द्या जरा. तुमच्या साहेबाला उशीर झाला तर बक्षीस त्याच्या घरी जाऊन घ्या, पण मॅच उजेडात संपवा. बारावीतलं पोरगं अंधारात हेडरला उडतं ते तुमच्या फोटोसाठी नाही. आणि साहेब, तुम्हालाही सांगतो. उशीर होणार हे तुम्हाला घरातून निघतानाच माहीत असतं. एक फोन करून ‘सुरू करा, मी येतोय’ म्हणायला काय बिघडतं? पंचांनो, अंधार पडला की बॉल उचला आणि मॅच थांबवा. कमिटी ओरडेल, मानधन कापेल. कापू दे.

आपण प्रेक्षकही काही सोवळे नाही. दोन तास मुकाट बसून राहिलो, भाषणाला टाळ्या दिल्या, आणि ते पोरगं पडल्यावर निम्म्यांनी मदतीआधी मोबाईल वर केला. आता मोसमाच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन मंडळाची पोरं दारात येतील. पहिला प्रश्न विचारा, ॲम्ब्युलन्स ठरवली का, डॉक्टर कोण आहे आणि तो मैदानात बसणार की फ्लेक्सवर? धड उत्तर आलं नाही तर एक रुपया देऊ नका, आणि शेजारच्यालाही देऊ देऊ नका.